पेवात कंदील

हरिपूरला पेव उघडायचं तर
आधी दोरीनं कंदील सोडतात.
कंदील विझला, तर माणूस उतरत नाही.
एवढंच शास्त्र माझ्या बापाला ठाऊक होतं
आणि ते पुरलं.
चाळीस वर्षं हळद वर काढली, कधी गुदमरला नाही.

मिरजेला डॉक्टरीणबाईंनी
माझ्यात दिवा सोडला तेव्हा
भूल अर्धीच चढली होती.
पडद्यावर दिसला ओला गुलाबी बोगदा,
मधेच सोललेला, मधेच अगदी धड,
पूर ओसरल्यावरच्या रस्त्यासारखा.
दिवा विझला नाही.

मग त्या उतरल्या.
कोरा कागद घेऊन म्हणाल्या, घरात आणखी कुणाला?
म्हटलं, पोटाचं कुणालाच नाही.
पोटाचं राहू दे. काहीही सांगा.

काहीही म्हणजे
बापाचा डोळा. वर्षातून दोनदा लालभडक,
दाराची फट सोसायची नाही.
हळदीची धूळ, म्हणायचा.
सगळे हमाल त्याच धुळीत होते,
डोळा एकट्याचा.
काहीही म्हणजे जिनगोंडा, माझा धाकटा,
रोज सकाळी कण्याचं लाकूड घेऊन उठतो,
दहापर्यंत मान वळत नाही,
बायकोला वाटतं, कामचुकार.
आणि पद्माक्का, आत्या,
कोपरावर चांदीचे खवले,
बस्तीत पदर ओढून भिंतीकडे बसते.
मागच्या जन्मीचं, म्हणते. वेदनीय कर्म.

बाईंनी पुरुषाला चौकोन काढला, बाईला गोल,
एकेक भरत गेल्या निळ्या शाईनं.
डोळा, कणा, कातडी, आतडं.
आम्ही चार दुखणी समजत होतो,
चार दवाखाने, चार अंगारे.
तोंडं चार होती.
खाली पेव एकच.

एकच गड्डा नासलाय, असं नसतं म्हणाल्या.
शंभरावर जागा असतात,
प्रत्येकीची चिमूट चिमूट.
चिमटी कुणाच्या ताटात किती पडली,
वर कुठली हवा, कुठला जंतू, कुठला ताप,
आणि अंगातला पहारेकरी
घरच्यांवरच काठी उगारतो.

हळदीचं बरं आहे.
तिला बी नाही. गड्डा मोडायचा, पुरायचा,
तीच पुन्हा उगवते, पणजोबाच्या वेळची तीच.
आपण दोघांकडून निम्मं निम्मं आणतो
आणि पत्ते पिसताना कुणी बघितलेलं नसतं.

हळद-दूध घे, असं मला
आतापर्यंत चौदा जणांनी सांगितलं.
बापाला आंघोळ घातली की मोरी पिवळी व्हायची.
पिवळा माणूस, लाल डोळा.
हसू आलं की पोटात कळ येते, म्हणून हसत नाही.

कागद घरी आणला. आईनं चष्मा लावला.
माझ्या दुखण्याचं खापर तिच्यावर होतं इतकी वर्षं,
शिळं घातलं असशील, तिखट घातलं असशील,
तुझ्या म्हायेरचंच काहीतरी.
बोट फिरवत ती स्वतःच्या गोलापाशी थांबली.
हे रिकामं का?
तुला काही नाही म्हणून.
वाटलं, आता ती पद्माक्काला फोन लावणार.
बराच वेळ बोट तिथंच.
मग म्हणाली,
थोडं माझं बी असंल की गं.
पोरं काय एकट्या त्यांची हायत?

बरोबरच होतं तिचं. बाई तेच म्हणाल्या होत्या,
रिकाम्या गोलातूनही येतं.
मी ते आईला सांगायचं टाळलं होतं.

सगळ्यात खाली माझ्या लेकीचा गोल.
कोरा. बहुतेक कोराच राहील, म्हणाल्या बाई,
आणि ‘बहुतेक’ वर पेन जरा दाबलं.

सोमवारी जिनगोंडाला मिरजेला न्यायचंय.
नंबर आठाचा मिळालाय.
तो म्हणतो, दहानंतर बघ, दहानंतर.
वहिनीनं कागद दोनदा वाचला,
काही बोलली नाही.
पण पहाटे पाचला बंब पेटवीन म्हणाली,
पाठ शेकून देईन,
आठाला उभा करते.